पोरं गोळा करू नका: विकिपीडियावर नव्याने लिहिणाऱ्या सीमाभागातल्या मित्रांसाठी

खातं कसं उघडायचं, संदर्भ कसा जोडायचा, धूळपाटीवर सराव कसा करायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. ते चार दिवसांत जमतं. आपण लिहिलेलं कुणी काढून टाकलं की पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली आणि त्यात माझ्या आतेभावाचं खातं गेलं. ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. इंग्रजी विकिपीडियावर गावाचा लेख होता चार ओळींचा. तालुका, जिल्हा, २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या, संपलं. मी पहिल्या ओळीत गावाचं नाव देवनागरीत घातलं. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण १९५६ पासून ज्यांच्या दारापुढची पाटी वादात आहे त्यांना तसं वाटत नाही. आमच्या शेताचा उतारा कन्नडात येतो. आजीला तो कधीच वाचता आला नाही, दरवेळी कुणाला तरी हाताशी धरावं लागलं. म्हणून पडद्यावर ते नाव आपल्या लिपीत दिसलं तेव्हा मी तिला नेऊन दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिथं कन्नड लिपी होती. देवनागरी गेली होती.

मी परतवलं, म्हणजे तो बदल रद्द करून माझं जुनं परत आणलं. कन्नड घालणाऱ्या संपादकाने परतवलं. मी पुन्हा परतवलं. त्या संध्याकाळी माझी चार परतवणी झाली आणि रात्री चोवीस तासांची बंदी आली. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा परतवता येत नाही. प्रत्येक वेळी मजकूर वेगळा असला तरी ती मोजणीत येतात, थोडाच भाग परतवला तरी येतात. आणि तीन म्हणजे तुमचा रोजचा कोटा नव्हे. दोनदा परतवूनही तुम्ही भांडायलाच बसलाय असं दिसलं तर बंदी येऊ शकते. तुमचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे त्या वेळी कुणी बघत नाही. उघड नासधूस काढताना सूट असते, पण समोरच्याचं मत म्हणजे नासधूस नव्हे.

चोवीस तासांची बंदी लागली म्हणून खचू नका. ती उतरते, आणि नंतर नीट काम केलंत तर कुणी ती उगाळत बसत नाही. माझी खरी चूक पुढची आहे.

एका कार्यशाळेत आम्हाला शिकवायला आलेल्या अनुभवी संपादकाला मी फोन केला. ते म्हणाले, "चर्चेत तुझी माणसं कमी पडली. माणसं आण." मी गावच्या गणेश मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेखाचा दुवा टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या. आतेभावाचं लगेच उत्तर आलं, "दादा, टेन्शन नको घेऊ. रात्रीत बघून सोडतो की." सकाळी लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे संपादक जिथं लेखाबद्दल बोलतात त्या पानावर, अकरा नवी खाती होती. सगळ्यांनी मीच पाठवलेलं वाक्य चिकटवलं होतं, त्यातल्या स्पेलिंगच्या चुकीसकट.

हे असं का घडतं ते नीट सांगतो, कारण आपल्याकडचा प्रत्येक नवा माणूस इथंच पाय घालतो. आपण वाढलोय ते मोजदादीत. ग्रामसभेत हात वर होतात. एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत किती लोक आले, यावर घरोघरी बोलणं होतं. माणसं जमली नाहीत तर आपलं म्हणणं कुणी ऐकत नाही, हे आपण तीन पिढ्या बघितलंय, आणि रस्त्यावर ते खरंही आहे. विकिपीडियाच्या चर्चापानावर ते खरं नाही. तिथं चर्चा मिटवणारा माणूस डोकी मोजत नाही, कारणं तोलतो. एका बाजूला अकरा जण "हे आमचं गाव आहे" म्हणत असतील आणि दुसऱ्या बाजूला एकटाच माणूस नियम आणि पुस्तकाचं पान दाखवत असेल, तर त्या एकट्याचं राहतं.

आणि माणसं आणल्याने नुसता फायदा होत नाही असं नाही, नुकसान होतं. आपल्या मताच्याच लोकांना खाजगीत बोलावणं नियमाविरुद्ध आहे. बोलावलेली माणसं खरी आहेत, प्रत्येकाचा मोबाईल वेगळा आहे, हे सांगून सुटका नाही. एकाच वादासाठी आलेली आणि एकच गोष्ट बोलणारी नवी खाती मिळून एकच माणूस धरली जातात. प्रत्येक खात्याचं योगदान कुणालाही उघडून बघता येतं. त्यात एकच पान आणि एकच वाक्य दिसलं की तपासायला काही उरत नाही. अकराही खात्यांवर बेमुदत बंदी आली. माझ्यावर आठवड्याची. त्यानंतर कित्येक महिने मी खरा संदर्भ दिला तरी लोक आधी संशयाने बघायचे. त्यात त्यांची चूक नव्हती.

मदत मागायचीच नाही असं नाही. उघड मागा, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी मागा. संबंधित विषयाच्या प्रकल्पपानावर, म्हणजे त्या विषयावर लिहिणारे जिथं जमतात तिथं, "या लेखात नावाच्या लिपीवरून मतभेद आहे, कृपया मत द्या" एवढं लिहा. कोण बरोबर आहे ते त्यात लिहू नका. वाद दोघांतच अडकला असेल तर तिसरं मत मागायची सोय आहे. मोठा प्रश्न असेल तर खुली चर्चा लावता येते, ती साधारण तीस दिवस चालते. तीस दिवस ऐकून जीव घाबरतो, माझाही घाबरला होता. पण लेख कुठं पळून जात नाही.

आमच्या वादाचं काय झालं? एक जुना संपादक आला आणि त्याने दोन्ही लिप्या काढल्या, देवनागरी आणि कन्नड. भारतातल्या गावा-शहरांच्या पानांवर कोणती लिपी आधी यावी यावरून एवढी भांडणं होत होती की लेखाच्या सुरुवातीला भारतीय लिप्या टाळाव्यात असं इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी २०१२ मध्येच चर्चेने ठरवलं होतं. म्हणजे आम्ही दोघे ज्यासाठी लढत होतो ते दोघांनाही मिळणार नव्हतं, आणि दोघांपैकी एकानेही त्या ठरावाचं पान उघडलं नव्हतं. मला त्या दिवशी हा अन्याय वाटला. आज हा तोडगा योग्य वाटतो, पण आजीला काय सांगायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. शेवटी मराठी विकिपीडियावर गावाचा लेख स्वतः लिहिला आणि तो तिला वाचून दाखवला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. मी तिथं आधी का गेलो नाही, याची मला आजही खंत आहे.

तर ती दहा मिनिटं. पहिलं काम, हात बाजूला. 'इतिहास पहा' उघडा आणि समोरच्याने सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या ओळीत, काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा कारण तिथंच असतं आणि आपण रागात ते वाचलेलं नसतं. मग चर्चापानावर जा आणि विचारा, सुनावू नका. "आपण हे वाक्य काढलंत, संदर्भ पुरेसा वाटला नाही का?" एवढं पुरतं. उत्तर यायला दोन दिवस लागले तर लागू द्या. नियमांची नावं मोठ्या अक्षरांत फेकणारे नवे संपादक मला आवडत नाहीत, त्यांनी तो नियम वाचलेला नसतो. आणि चर्चापानावरचं उत्तर चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ नका. समोरच्याला ते दुसऱ्याच ओळीत कळतं आणि मग तो तुमच्याशी बोलायचंच सोडतो. तुमचं इंग्रजी मोडकं असेल तर मोडकंच लिहा. माझं अजूनही मोडकंच आहे.

सीमाप्रश्नाशी संबंधित लेखाला हात लावणार असाल तर जास्त जपा. भारताशी संबंधित लेख इंग्रजी विकिपीडियावर वादग्रस्त विषयांत मोडतात आणि तिथं प्रचालकांना, म्हणजे बंदी घालू शकणाऱ्या संपादकांना, जादा अधिकार असतात. पहिले सहा महिने तिकडे जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. गेलात तर कोण म्हणालं ते वाक्यातच लिहा. "बेळगाव महाराष्ट्राचं आहे" हे टिकणार नाही, "बेळगाव कर्नाटकाचंच" हेही टिकणार नाही. १९६७ साली महाजन आयोगाने बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवायची शिफारस केली, महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, हे टिकतं. वाचताना दोन्हीकडच्या माणसाला टोचतं, तरी कुणाला खोडता येत नाही. मुंबई इलाख्याचं १८८४चं बेळगाव गॅझेटियर हाताशी ठेवा, पण एवढ्या जुन्या इंग्रजी अमदानीच्या पुस्तकावर सगळा भार टाकू नका. इतिहासासाठी नवं संशोधन मागितलं जातं, आणि ते मागणं रास्त आहे.

गुरू कुणाला करायचं? ज्याच्या सदस्यपानावर कौतुकाचे बिल्ले जास्त त्याला नको. त्याचं चर्चापान उघडा आणि तिथं भांडायला आलेल्या माणसाशी तो कसा बोललाय ते बघा. मला फोनवर "माणसं आण" सांगणाऱ्यांची संपादनं हजारोंनी होती. मी त्यांचं चर्चापान त्याआधी कधीच उघडलं नव्हतं.

देवनागरी काढणाऱ्या त्या कन्नड संपादकाशी माझी मैत्री वगैरे झाली नाही. गावातल्या भाषांबद्दलच्या एका वाक्यावर आमचं अजून पटलेलं नाही, ते वाक्य लेखात नाही. पण मी जनगणनेच्या पुस्तिकेचा पान क्रमांक चुकीचा दिला होता, तो त्याने दुरुस्त केला. सारांशात नुसतं "पान क्रमांक" लिहिलं होतं. मी आभार कळवायचं बटण दाबलं.

आतेभाऊ मात्र परत आला नाही. त्या अकरांत खरी लिहायची आवड असलेला तो एकटाच होता. त्याने हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरावर वहीत टिपणं काढून ठेवली होती. गेल्या आठवड्यात त्याने देवळाचे चाळीस फोटो पाठवले आणि म्हणाला, "दादा, तुझ्या खात्यावरून चढव. माझं नाव कशाला." मी नाही म्हटलं. एका विकिपीडियावरची बंदी कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथं साठवतात त्या वेगळ्या संकेतस्थळावर, आपोआप लागत नाही, तिथं तो स्वतःच्या खात्यावरून फोटो देऊ शकतो. इंग्रजीवरची बंदी उठवायला नवं खातं काढायचं नाही, स्वतःच्याच चर्चापानावर विनंती लिहायची. काय झालं, का झालं, पुढं काय करणार, एवढंच. रविवारी तो घरी येणार आहे. विनंती तोच लिहील, मी शेजारी बसेन.