डिपॉझिटमधून पैसे कापायचे असतील तर

डिपॉझिट खात्यात जमा झालं की ते आपलंच वाटायला लागतं. असतं भाडेकरूचं. त्यातून मोडतोडीचा खर्च कापायची वेळ आली तर उपयोगी पडते ती चावी देण्याआधी केलेली तयारी.

आधी करारनामा. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायला कशाला पाहिजे?’ हे आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत कुणीही सांगेल. ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोडून काढायचं काम आपल्यावर येतं. नोंदणी आता ऑनलाइन होते.

कुठली दुरुस्ती कुणाची, हे त्याच करारात लिहून टाका. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याला अशी तयार यादी जोडलेली आहे. भिंतींचा रंग, पाइपलाइन, वायरिंग मालकाकडे; नळ, वॉशर, स्विच, कुलपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही, पण करारात घालायला यादी चांगली आहे.

मग फोटो. इथं मी फसलो. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्याला, सिंकच्या डाव्या कडेला, रुपयाएवढा टवका उडाला होता. मी भाडेकरूला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, ‘काका, तो आधीपासनंच होता की.’ असेलही. माझ्याकडे हॉलचे चार फोटो, ओट्याचा एकही नाही. पूर्ण डिपॉझिट परत दिलं. तेव्हा फोटो काढाल ते ओटा, बेसिन, संडासाचं भांडं, दाराच्या बिजागऱ्या, फरशीचे कोपरे यांचे, अगदी जवळून. विजेच्या मीटरचं रीडिंगही घ्या. दोघांच्या सह्या घेऊन एक प्रत त्यालाही द्या.

कापताना झीज आणि मोडतोड वेगळी ठेवा. चार वर्षांत रंग फिका पडतो, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक राहतं; त्याचे पैसे मागणं मला तरी बरं दिसत नाही. दाराला लाथ मारून पाडलेलं भोक वेगळं. पण दार दहा वर्षांचं जुनं असेल तर नव्या दाराची पूर्ण किंमत त्याच्या माथी मारू नका. आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या पुराच्या भागात घर असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याने भिंतीला धरलेली ओल भाडेकरूच्या नावावर लिहू नका. पंचगंगेला कोण बिल पाठवणार?

घर सोडायच्या आठवडाभर आधी एकदा दोघांनी मिळून खोल्या बघा, म्हणजे नळ-कुलूप त्याला स्वतःच दुरुस्त करून घेता येतं, आणि ते स्वस्तही पडतं. उरलेल्या कामाचा अंदाज प्लंबर किंवा सुताराकडून कागदावर घ्या, काम झालं की बिल. वीजबिल आणि ठरली असेल तर पाणीपट्टी धरा. घरफाळा, म्हणजे घरपट्टी, आपला; तो हिशेबात घुसडू नका. कापलेली प्रत्येक रक्कम बिलासकट लिहून द्या आणि बाकीचं डिपॉझिट चावी हातात येताच बँकेतून परत करा, रोखीने नको.

ओट्याचा तो टवका अजून तसाच आहे. नव्या करारात फोटो क्रमांक ११ म्हणून तो लावलाय.