जुना ॲम्प रिपेअरला दिलाय आणि महिने उलटले? या चुका टाळा

सेकंडहँड सॅन्सुई, मरांट्झ नाहीतर आपला सोनोडाइन ॲम्प (स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर) हौसेने घ्यायचा, थोडे दिवस मस्त वाजतो मग एक चॅनल, म्हणजे डाव्या किंवा उजव्या बाजूचा आवाज, जातो, आणि रिपेअरला टाकला की "पुढच्या आठवड्यात बघू" सुरू होतं. ज्यांचा या जुन्या सेटवर जीव असतो त्यांना हे किती छळतं ते मला चांगलं माहितीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सारखा फोन करून "झालं का?" विचारणं. त्याला उत्तर ठरलेलं, "पार्ट यायचाय". त्यापेक्षा "काय सापडलं?" असं विचारा. कुठला ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, त्याचा नंबर काय, आउटपुटला डीसी (स्पीकर जाळू शकणारा एकाच दिशेचा करंट) येतोय का, रिले (स्पीकर ॲम्पला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) उचलतोय का. ज्याने सेट उघडून मीटर लावलाय तो दोन वाक्यात सांगतो, ज्याने झाकणच काढलं नाही तो पार्टवर ढकलतो. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या सेटला उशीर पार्टमुळे कमी आणि फॉल्ट शोधायला कोणी बसलंच नाही म्हणून जास्त होतो. कारण साधे कॅपॅसिटर, रेझिस्टर, फ्यूज मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास मिळून जातात. खरं अडतं ते आता बनत नसलेल्या एसटीके आयसीला (ॲम्पची पॉवर चिप), कॅसेट डेकच्या हेडला आणि पिंच रोलरला (टेप पुढे ओढणारं रबरी चाक), किंवा ट्रान्सफॉर्मर जळून वाइंडिंग परत करायचं असेल तर. त्यामुळे पार्टचं कारण आलं की नंबर मागा, नंबर हातात आला की तुम्ही स्वतःही शोधू शकता.

दुसरी चूक, "बिघडलाय, बघा जरा" एवढंच सांगून सेट ठेवून येणं. कधी येणारा कधी न येणारा फॉल्ट असेल तर हे फारच महागात पडतं, कारण दुकानात लावला की नेमका छान वाजतो आणि मग तो टेबलाखाली जाऊन बसतो. देण्याआधी घरी एवढं तरी करा: ॲम्प बंद करून डाव्या उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. आता दुसऱ्या बाजूचा आवाज बंद झाला तर स्पीकर आणि वायर ठीक आहे, दोष ॲम्पमध्ये किंवा त्याला जोडलेल्या प्लेअर-केबलमध्ये. मग स्पीकरच्या वायरी तशाच ठेवून इनपुटच्या पिना अदलाबदल करून बघा. आता परत पहिल्या बाजूचाच आवाज बंद झाला तर गडबड प्लेअर किंवा केबलची आहे, ॲम्प द्यायची गरजच नाही. जे दिसलं ते कागदावर लिहून सेटला चिकटवा, म्हणजे "डावा चॅनल हळू आवाजात गायब होतो, व्हॉल्यूम चढवला की परत येतो" असं. एवढं वाचलं तरी चांगला मेकॅनिक आधी स्पीकर रिलेचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट बघेल आणि त्याचा बराच वेळ वाचेल.

जपानहून आणलेला सेट असेल तर तो १०० व्होल्टचा आहे का हे मागच्या पॅनलवर बघून मेकॅनिकला ठळक सांगा. आपले २३० व्होल्ट थेट दिले तर रिपेअरचं काम दुप्पट होऊन बसेल.

सीझनही बघा राव. गणपती ते नवरात्र मंडळांचे आणि साउंडवाल्यांचे पॉवर ॲम्प रांगेत असतात, त्यांचं पोट त्यावर असतं, साहजिक तुमचा घरचा सेट मागे पडतो. घाई नसेल तर दिवाळीनंतर द्या.

घाई करून घेणं हीसुद्धा चूकच. मागे लागलात की हाताला लागेल तो पार्ट बसतो, आणि सी ५२०० आणि ए १९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीचा डुप्लिकेट माल बाजारात खूप आहे. हळू आवाजात चालतात, जोर दिला की उडतात, कधीकधी स्पीकरही घेऊन जातात. ओरिजिनल पार्टसाठी थोडं थांबावं लागलं तर थांबा, पण नक्की कशासाठी थांबतोय ते माहीत पाहिजे.

पावती न घेता सेट देऊ नका. मॉडेल, सिरियल नंबर, सोबत दिलेला रिमोट, टर्नटेबल असेल तर कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), सगळं लिहून घ्या, फोटो काढा. सगळे पैसे आधी देऊ नका, आणि "एवढ्याच्या वर खर्च जाणार असेल तर आधी विचारा" हे व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा म्हणजे लेखी राहतं.

खूपच लांबलं तर भांडण न करता तारीख द्या, या तारखेपर्यंत काय बिघडलंय ते कळवा नाहीतर सेट आहे तसा परत घेतो. परत घेताना काढलेले पार्ट आणि स्क्रू पिशवीत मागून घ्या, नाहीतर पुढच्या मेकॅनिककडे पुन्हा शोधाशोध. सेटही देत नाही आणि उत्तरही देत नाही अशी वेळ आली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी येते, फक्त पावती आणि मेसेज जपून ठेवा. मात्र आधी नीट बोलून बघा, असे सेट मन लावून करणारे हात आता थोडे उरलेत.

आणि तयार झाला की दुकानातच तासभर वाजवून घ्या, दोन्ही चॅनल, सगळे इनपुट, चालू केल्यावर रिलेचा टक आवाज येतोय ना, बदललेले जुने पार्ट मागून घ्या, मगच उरलेले पैसे द्या.