पिल्लू दिवाणाखालून बाहेरच येत नव्हतं, शेवटी काय केल्यावर आलं

आमची चिंगी, अडीच महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू, आणल्यापासून दिवाणाखालीच. कुकरची शिट्टी झाली की थरथरायची, कोणी हात पुढे केला की भिंतीला चिकटायची, आणि खायची फक्त रात्री सगळे झोपल्यावर.

आधी ओढून बाहेर काढलं, मांडीवर धरून ठेवलं, शेजारची मुलं बोलावली सवय होईल म्हणून, सगळ्याने उलट बिघडलं. सहा दिवस मला नीट झोप नव्हती.

मग पहिले ३ दिवस तिला कोणी हात लावायचा नाही, टक लावून बघायचंही नाही. गोधडी आणि पाणी दिवाणाखालीच सरकवलं. दिवसातून ४ वेळा ५-५ मिनिटं मी जमिनीवर, तोंड दुसरीकडे करून बसायचे. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, नखाएवढे तुकडे (कांदा-लसूण अजिबात नाही, कुत्र्यांना विषारी असतं), आणि तुकडा माझ्याजवळ नाही तर तिच्या मागे टाकायचा. हेच खरं काम करून गेलं, कारण लांब जायची मुभा तिच्याकडे राहते आणि खाऊन ती आपणहून वळते. चौथ्या दिवशी हात हुंगायला आली, तेव्हा डोक्यावरून नाही, हनुवटीखाली ३ सेकंद खाजवलं आणि थांबले, परत नाक लावलं तरच पुढे.

शिट्टी फोनवर रेकॉर्ड केली. अगदी बारीक आवाज, आधी शिट्टी मग लगेच चिकन, रोज थोडा आवाज वाढवायचा, कान मागे गेले की परत कमी. १० दिवस लागले. आता कुकर लावला की चिंगी ओट्यापाशी येऊन बसते.