मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याची हँडग्रिप: या चुका टाळा

मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात लागणाऱ्या रुंद १२० फिल्मवर हातात कॅमेरा धरून काम करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: चांगली ग्रिप लावली, तिचा पट्टा हातावर घट्ट आवळला, तरीही चित्र हललेलेच आले. तक्रार खरी असते, अपेक्षा मात्र चुकीची असते. ग्रिपमुळे कॅमेरा स्थिर होत नाही. त्याचे वजन कोणत्या हातावर आणि कोणत्या दिशेने पडते, एवढेच तिच्यामुळे बदलते. मामिया आरबी ६७ हा कॅमेरा लेन्स आणि बॅकसह (फिल्म बसवायच्या डब्यासह) अडीच किलोंच्या पुढे जातो, आणि एवढे वजन चुकीच्या जागी पेलायचे असेल तर ग्रिप नसलेली बरी.

आधी निगेटिव्ह वाचा

ग्रिप बदलण्यापूर्वी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून लूपखाली (लहान भिंगाखाली) पाहावी, कारण दोष कुठला आहे ते तिथेच कळते. संपूर्ण चौकटीतले बारीक तपशील वर-खाली ओढल्यासारखे दिसत असतील, तर ग्रिपवरचा ट्रिगर (शटर सोडणारा खटका) झटक्याने ओढला गेला आहे. मध्यभाग स्वच्छ आणि कोपरे मात्र कमानीसारखे फिरलेले दिसत असतील, तर कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती वळला आहे. डाव्या बाजूच्या एल आकाराच्या ग्रिपवर सगळा भार टाकणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमी घडते. आणि ज्याच्यावर फोकस केला तो चेहरा पुसट, पण मागच्या भिंतीवरचे पोपडे अगदी कोरीव आले असतील, तर हात हललेलाच नाही; फोकस केल्यावर आणि शटर दाबण्यापूर्वी छायाचित्रकार स्वतः मागे-पुढे झुकला आहे. ८० मिमी लेन्सचे छिद्र एफ/२.८ इतके मोठे ठेवून एक मीटरवरचा चेहरा टिपताना स्पष्टतेची खोली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर मिळते, त्यामुळे एवढे झुकणेही महागात पडते. या तिसऱ्या दोषावर कोणतीही ग्रिप इलाज करू शकत नाही. भिंतीला किंवा खांबाला पाठ टेकवावी, एक पाऊल पुढे ठेवावे आणि शक्य असल्यास लेन्सचे छिद्र एका स्टॉपने (एका टप्प्याने) लहान करावे.

वजन पेलणारा हातच ट्रिगर ओढतो

पिस्तूल ग्रिपची, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीसारख्या ट्रिगरवाल्या ग्रिपची, मूळ अडचण हीच आहे. जो हात भार घेतो त्याचे स्नायू आधीच ताणलेले असतात, आणि त्याच हाताच्या तर्जनीने ट्रिगर ओढला की सगळी मूठ आवळली जाते. यावर उपाय असा की दुसरा तळहात लेन्सच्या किंवा बॉडीच्या खाली घेऊन मुख्य भार त्यावर सोपवावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि ग्रिपवरचा हात फक्त दिशा सांभाळण्यापुरता ठेवावा. ज्या बॉडीचे स्वतःचे शटर बटण सहज हाती येते, तिथे ग्रिपच्या ट्रिगरचा मोह सोडलेलाच बरा. पेंटॅक्स ६७ ची लाकडी ग्रिप या दृष्टीने शहाणपणाची वाटते: ती डाव्या बाजूला असते, तिला ट्रिगरच नसतो, आणि शटर उजव्या हाताच्या बोटाने दाबायचे असते. त्या कॅमेऱ्याचा मोठा आरसा जो धक्का देतो, तो मात्र ग्रिपने थांबत नाही.

केबल रिलीजमार्फत (शटर दाबणाऱ्या लवचिक तारेमार्फत) चालणाऱ्या ग्रिपमध्ये आणखी एक खोच असते. केबलची पिन नीट जुळवलेली नसेल तर ट्रिगर पूर्ण ओढूनही शटर सुटत नाही, किंवा इतके उशिरा सुटते की तोवर हात सैल पडलेला असतो. फिल्म भरण्यापूर्वी रिकाम्या कॅमेऱ्यावर ही पिन तपासावी. हॅसलब्लाड ५०० मालिकेत तर संथ शटरवर एक्सपोजर संपेपर्यंत ट्रिगर दाबूनच धरावा लागतो. आधी सोडला की मागची सहायक शटरदारे मिटतात आणि फ्रेमला पूर्ण प्रकाश मिळत नाही. असे घडले की बहुतेक जण प्रकाश मोजणाऱ्या मीटरला दोष देतात.

खाली पाहायचे आणि पिस्तूल धरायचे

वेस्ट लेव्हल फाइंडरमध्ये (कॅमेरा कमरेपाशी धरून वरून पाहायच्या काचेत) खाली वाकून पाहताना पिस्तूल ग्रिप धरली, की कोपर शरीरापासून सुटते आणि मनगट विचित्र कोनात वळते. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर निवांत चित्रे काढणाऱ्याने अशा वेळी ग्रिप काढून ठेवावी, गळ्यातला पट्टा आखूड करावा आणि कॅमेरा खाली दाबून पट्टा ताणावा. तो ताणच उत्तम आधार देतो. पिस्तूल ग्रिप प्रिझमबरोबर (डोळ्याला लावून पाहायच्या फाइंडरबरोबर) शोभते, कारण तेव्हा कॅमेरा डोळ्याला आणि कपाळाला टेकतो. यशिका मॅटसारख्या ट्विन लेन्स कॅमेऱ्यांत हलणारा आरसाच नसल्यामुळे त्यांना बहुधा ग्रिपची गरजच पडत नाही.

फ्लॅशच्या ब्रॅकेटला ग्रिप समजणे

जुन्या काळी लग्नसमारंभांची चित्रे काढणारे छायाचित्रकार मोठ्या फ्लॅशची दांडी धरूनच काम करत आणि त्यांच्या निगेटिव्ह स्वच्छ येत, म्हणून आजही अनेक जण ते ब्रॅकेट शोधत फिरतात. त्या स्वच्छतेचे श्रेय दांडीला नाही, फ्लॅशला आहे: प्रकाशाचा झोत सेकंदाच्या फार लहान अंशात संपतो आणि हाताचा कंप त्यात उमटत नाही. तीच दांडी घेऊन, फ्लॅशविना, तालमीतल्या लाल मातीवर खिडकीच्या उजेडात चित्रे काढायला गेले की फसगत होते. तिथे ४०० ची फिल्म आणि एफ/२.८ असूनही शटर १/३० सेकंदापर्यंत खाली येऊ शकते, आणि ८० मिमी लेन्सला हातात धरून ते १/१२५ सेकंद असावे असा सर्वसाधारण संकेत आहे. हा फरक मोनोपॉडने किंवा भिंतीच्या आधाराने भरून काढावा लागतो.

उद्यमनगरात प्लेट करून घेताना

शिवाजी उद्यमनगरात लेथवर हवे ते करून मिळते, ही कोल्हापूरकरांची मोठी सोय आहे. त्यामुळे जुनी ग्रिप मिळाली की तिची प्लेट इथेच बनवून घेतली जाते, आणि घोटाळा होतो तो आट्यांचा. कॅमेऱ्याच्या तळाचे भोक बहुधा पाव इंची, म्हणजे दोन सुती, आणि इंचाला २० आट्यांचे असते. काही जुन्या युरोपीय बॉडींना ते तीन सुती आणि १६ आट्यांचे असते. माप न सांगता नुसते ‘कॅमेऱ्याला बसेल असा बोल्ट’ मागितला, तर हाताशी असलेला मेट्रिक मापाचा एम ६ मिळण्याची शक्यता बरीच असते. तो पाव इंचाच्या ६.३५ मिमीऐवजी ६ मिमी जाड असतो आणि त्याचे आटे १.२७ मिमीऐवजी १ मिमी अंतरावर असतात, त्यामुळे तो दोन-तीन फेरे आत जातो, मग अडकतो, आणि घट्ट बसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो आटे खात असतो. कॅमेऱ्याचे आटे गेले की दुरुस्तीचा खर्च ग्रिपच्या किमतीहून जास्त येऊ शकतो.

स्क्रू प्लेटच्या वर साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नये, नाहीतर तो बॉडीच्या तळावर आतून दाब देतो. प्लेट पातळ पत्र्याची नसावी. ग्रिप एका हाताने धरून लेन्सचे टोक हलकेच दाबले असता प्लेट आणि बॉडी यांच्यामध्ये फट उघडताना दिसली, तर ती प्लेट बाद समजावी. मधे जाड रबर घालण्याची सूचना कुणी केली तर ती मानू नये. पातळ कॉर्क पुरेसा होतो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आल्यावर ग्रिप काढून आटे, प्लेटची खाच आणि ट्रिगरची फट कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. गुलालावर ओले फडके फिरवू नये, कारण ओला गुलाल फटीत जाऊन बसतो आणि वाळल्यावर ट्रिगर जड चालू लागतो.