क्राफ्ट बिअरचे गुण वाचताना आणि देताना
अनटॅप्डसारख्या अ‍ॅपवर सामान्य ग्राहक बिअरला 5 पैकी गुण देतात, परंतु निरनिराळ्या प्रकारांच्या गुणांची परस्परांशी तुलना करू नये. सुमारे 10 टक्के मद्यार्क असलेली दाट इम्पीरियल स्टाउट पहिल्या घोटातच छाप पाडून भरघोस गुण मिळवते, तर हलकी, स्वच्छ चवीची पिल्सनर, जिच्यात बनवणाऱ्याची लहानशी चूकही लपत नाही, बहुधा मागे पडते. मला तरी हा अन्यायच वाटतो. म्हणून पिल्सनरचे गुण पिल्सनरशीच ताडून पाहावेत. स्वतः गुण देताना बिअर बर्फासारखी गार नसावी, कारण त्या थंडाव्यात गंध दबतो. स्टाउट तर 10 ते 13 अंश सेल्सिअसपर्यंत येऊ द्यावी आणि स्वच्छ पेल्यात ओतून, आधी हुंगून, मगच चाखावी.