चर्चमध्ये कपडे गोळा करताय? या चुका टाळा

दाराशी खोका ठेवायचा, उपासनेनंतर पाळकांनी दोन वाक्यांत आवाहन करायचं आणि तीन रविवारांनी भरलेल्या पिशव्या शहराच्या मधल्या वस्तीतल्या, बेघरांना आसरा देणाऱ्या मिशनला पोचवायच्या. काम इतकं सरळ दिसतं की कोणी त्याचा फारसा विचारच करत नाही. आमच्या मंडळीत मी हे बरीच वर्षं सांभाळते आहे. पहिल्या वर्षी आम्ही नेलेल्या पिशव्यांपैकी निम्म्याहून जास्त मिशनच्या काही उपयोगाच्या नव्हत्या. तिथल्या बाईंनी आमचे आभार मानले, पण त्या पिशव्या निवडायला त्यांचे दोन दिवस गेले, हे मला नंतर कळलं.

मिशनला न विचारता आवाहन करणं

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात. आपण आपल्या कपाटात काय जास्त झालं आहे ते बघतो, मिशनच्या फळीवर काय संपलं आहे ते बघत नाही. शहरी मिशनं मुळात रस्त्यावर आलेल्या माणसासाठी उभी राहिली. शिकागोचं पॅसिफिक गार्डन मिशन १८७७ पासून आणि न्यूयॉर्कचं बाउरी मिशन १८७९ पासून हेच काम करत आलं आहे. अशा दारात येणाऱ्या माणसाकडे कपाट नसतं. अंगावर आहे तेवढं आणि पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच त्याचं. त्याला दहा सदरे देऊन उपयोग नाही. आज घालता येईल असा, मापाचा आणि कोरडा एक सदरा त्याला हवा असतो.

म्हणून आधी फोन करा, आणि तो कार्यालयात न करता कपड्यांची खोली प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या माणसाला करा. कोण येतं, काय सर्वांत आधी संपतं, ठेवायला जागा किती आहे, कोणत्या दिवशी सामान उतरवून घ्यायला माणसं असतात, एवढं विचारा. मिळालेली उत्तरं जशीच्या तशी फलकावर लावा. ‘जुने कपडे आणा’ म्हटलं की काहीही येतं. ‘पुरुषांच्या मोठ्या मापाच्या पँटी, गडद रंगाचे स्वेटर आणि जाड मोजे आणा’ म्हटलं की लोक तेच शोधून आणतात.

बायकांचे आणि मुलांचे कपडे भरपूर, पुरुषांचे नाहीत

हे जवळजवळ दर वेळी होतं. मुलं वाढतात, त्यांचे कपडे लहान होतात. बायका कपडे बदलतात. पुरुष मात्र एकच पँट विरेपर्यंत घालतात आणि विरलेली पँट दानात देता येत नाही. मिशनच्या रांगेत मात्र बहुधा पुरुषच जास्त असतात. पहिल्या रविवारी खोका उघडून बघा. तोल गेलेला दिसला, तर दुसऱ्या रविवारी आवाहन बदला आणि बायकामुलांच्या कपड्यांना सरळ ‘आता पुरे’ म्हणा. असं म्हणायला संकोच वाटतो, पण लोक समजून घेतात. मिशनमध्ये आईसह मुलं राहत असतील तर गोष्ट वेगळी, म्हणून तर आधी विचारायचं.

मोजे आणि आतले कपडे विसरणं

या गोष्टी कोणी देत नाही, कारण वापरलेल्या देता येत नाहीत, आणि गरज सर्वांत जास्त त्यांचीच असते. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात दिवसेंदिवस उभ्या असलेल्या सैनिकांचे पाय ओल्या बुटांत सुन्न होत, सुजत, सडत. त्या आजाराला ‘ट्रेंच फूट’ हे नाव तेव्हाच पडलं. त्यासाठी पाणी गोठण्याइतकी थंडी लागत नाही, पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले की पुरे. भिजल्या बुटांत दिवस काढणाऱ्या बेघर माणसाला हा त्रास आजही होतो. कोरडा मोजा त्याचे पाय वाचवतो. लोकरीचे असतील तर उत्तम, कारण लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते आणि सुती मोजा भिजला की गार पडतो.

यासाठी वेगळा खोका ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त नवे’ असं लिहा. मोजे, आतल्या चड्ड्या, बनियन, बायकांचे आतले कपडे, सगळं पाकीटबंद हवं. तरुण संघाला फक्त हा एक खोका सोपवा, ते उत्साहाने भरतात.

‘तिकडे धुतील’

धुणार नाहीत. धुवायला यंत्रं असली तरी ती तिथे झोपणाऱ्यांच्या चादरींसाठी दिवसभर चालू असतात. एक दमट स्वेटर बंद पिशवीत आठवडाभर राहिला की सबंध पिशवीला बुरशीचा वास लागतो. कपडे धुऊन पूर्ण वाळवून आणा. डांबरगोळ्यांचा वास असेल तर काही दिवस मोकळ्या हवेत टांगा.

ढेकणांबाबत अजिबात ढिलाई नको. सामाईक झोपायच्या खोलीत ते शिरले तर सगळ्यांचे हाल होतात. एखाद्या पिशवीत ढेकूण दिसला तर कपडे झटकू नका. पिशवी तिथेच घट्ट बांधा आणि इतर सामानापासून लांब ठेवा. कापड सोसत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर किमान अर्धा तास फिरवा. हे जमणार नसेल तर ती पिशवी देऊ नका.

‘गरजू माणसाला काहीही चालतं’

मला सर्वांत लागते ती ही चूक. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात टबीथा नावाची शिष्या मरण पावल्यावर विधवा रडत प्रेषित पेत्राला तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रं दाखवतात. ती वस्त्रं टबीथाने त्यांच्याबरोबर असताना केली होती, तिच्या कपाटातून उरलेली नव्हती. म्हणून तर त्या बायकांनी ती पुढे धरली. तुटलेली चेन, कॉलरचा डाग, काखेत उसवलेली शिवण असलेला कपडा घेणाऱ्याला सांगतो की त्याची किंमत किती केली. सख्ख्या भावाला हा सदरा रविवारी उपासनेला घालून ये म्हणाल का, ही कसोटी आम्ही निवडणाऱ्यांना देतो. बटण तुटलं असेल तर लावा. आमच्या महिला मंडळाच्या दोघी सुईदोरा घेऊनच बसतात. फार विरलेलं कापड वेगळं काढून पुसण्यासाठी किंवा कापडाच्या पुनर्वापराला द्या. ते मिशनच्या दारात टाकून येऊ नका.

याच भावनेतून आणखी दोन गोष्टी. कपडे घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. आणि आपल्या चर्चचं नाव छापलेले सदरे देऊ नका, कारण मग तो माणूस दानाची जाहिरात अंगावर घेऊन फिरतो.

बांधणी आणि वेळ

काळ्या पिशव्या कचरा समजून फेकल्या जातात, म्हणून पारदर्शक घ्या. वर ‘पुरुष, पँट, कंबर ३४’ असं चिकटवा. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा. खिसे तपासा. गरम कपड्यांचं आवाहन थंडी पडायच्या दोन महिने आधी करा, नाताळात नको. तोवर गारठ्याचे कितीतरी दिवस उलटलेले असतात.

सामान पोचवल्यावर आठवड्याने मिशनला पुन्हा एक फोन करा आणि सर्वांत आधी काय संपलं ते विचारा. मागच्या वेळी उत्तर आलं, पट्टे. रस्त्यावर राहून माणसं वाळलेली असतात, दिलेली पँट कमरेवर टिकत नाही. आमच्या यादीत पट्टा तोवर कधी आलाच नव्हता.