फड्या आणि त्रिधारी निवडुंगांची तुलना करताना या चुका टाळा

दोन्ही निवडुंग जवळचे नातेवाईक असल्याचे सांगणारे विद्यार्थ्यांचे प्रकल्प दरवर्षी माझ्याकडे तपासायला येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा आधार मांसल हिरवे खोड व काटे एवढाच असतो. कोरड्या जागी पाणी साठवून जगण्याच्या गरजेतून आलेले हे साम्य नात्याचा पुरावा ठरत नाही. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला आणि कॅक्टेसी कुलातला असून राजगिरा व बीट त्याच्याच गणात मोडतात. त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिएसी कुलातला, म्हणजे एरंडाचा भाऊबंद आहे. काट्यांची नुसती लांबी मोजण्यापेक्षा ते कुठून निघतात हे आधी पाहावे: फड्याचे काटे आणि बारीक कुसे एरिओल नावाच्या लवदार ठिपक्यातून निघतात, तर त्रिधारीचे काटे धारेवर जोडीने येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक फुलाची आहे. एका सहलीत एका गटाने त्रिधारीच्या फुलाचा सुबक तक्ता केला होता: पाकळ्या पाच, पुंकेसर अनेक, मध्ये एक अंडाशय. तो फड्याच्या फुलाशी ताडून त्यांनी ‘दोन्हींत पुंकेसर अनेक’ असे मोठे साम्यही नोंदवले. मी त्यांना दहापट भिंगाखाली एकच पुंकेसर धरायला लावला. त्याच्या दांड्यावर मधोमध एक सांधा दिसतो. सांध्याखाली फुलाचा देठ असतो आणि वर केसरतंतू, म्हणजे तो एकटा पुंकेसर हेच एक संपूर्ण नरफूल. मधले अंडाशय हे एकुलते मादीफूल आणि ‘पाकळ्या’ म्हणजे मधुग्रंथी. ज्याला फूल म्हटले तो सायाथियम नावाचा अख्खा फुलोरा निघाला आणि तक्त्यातली एकही ओळ टिकली नाही. फड्याचे फूल मात्र खरोखर एकच फूल असते. त्यात पुंकेसर असंख्य आणि अंडाशय पाकळ्यांच्या खाली असते. म्हणून भिंग हाती घेतल्याशिवाय मी तक्त्याला सुरुवातच करू देत नाही. मोबाइलवरच्या फोटोत हा सांधा दिसत नाही, आणि तेवढाही धीर नसेल तर तुलनेचा विषय घेऊ नये.

चीक आला की युफोर्बिया, म्हणजे त्रिधारीच्या वंशातली वनस्पती, हा सोपा नियमही अपुरा आहे, कारण मॅमिलेरियासारख्या काही कॅक्टसांतही दुधी चीक असतो. त्रिधारीचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते; खोड कापताना हातमोजे आणि चश्मा वापरावा, आणि फड्याची कुसे काढायला चिमटा जवळ ठेवावा.